पदराच्या गाठीतली गोळी

‘सुट्टे नाहीत, गोळी घ्या!’ हा डायलॉग शेवटचा कधी ऐकलात? आता मोबाइलने पैसे दिले की हिशेब पैशापर्यंत चोख. पण हायवेलगतच्या आमच्या उंब्रजमध्ये याच एका वाक्यावर आम्हा पोरांची चैन चालायची.

आजीकडे स्वतःचे म्हणून पैसे नसायचेच. किराण्याला आजोबा मोजून द्यायचे आणि आल्यावर हिशेब घ्यायचे. पण वाण्याने चाराण्याऐवजी दिलेली रावळगावची गोळी मात्र त्या हिशेबात नसायची. ती आजीची! पदराची गाठ सोडत ती हळूच म्हणायची, ‘घे, चघळत बस. कुणाला सांगू नगंस.’ आम्ही चार भावंडं. प्रत्येकाला वाटायचं, आजीचं लाडकं ते आपणच.

वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये मालेगावजवळच्या रावळगावात साखरेचा उद्योग उभारला. १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. पुढे ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ने धमाल उडवली. २०११ मध्ये चाराणे चलनातून गेले. साखर, वीज, मजुरी महागत गेली, गोळीची किंमत मात्र त्या मानाने वाढवता येईना. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये हे ब्रँड रिलायन्सने २७ कोटींना घेतले.

माझ्या सॅलरी अकाउंटचा हिशेब आज मला घरात कुणी विचारत नाही. म्हणूनच आता कळतं, त्या घरात आजीच्या मालकीचं असं तेवढंच होतं. आणि तेही ती आम्हाला वाटून टाकायची.