उलटी बाजू

पनवेलात लोकर कशाला लागते, हा प्रश्न मला आजवर पन्नासेक जणांनी तरी विचारला असेल. विचारणारे बहुतेक घाटावरचे. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या आठ-पंधरा पहाटा. सूर्य कर्नाळ्याच्या सुळक्याच्या वर आला की शाल खुंटीला. बाकी वर्षभर घाम आणि पाऊस. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलखात लोकरीला श्रावणात कुबट वास येतो. दसऱ्यानंतर ती उन्हात टाकायची, कडुनिंबाचा पाला घालून परत ट्रंकेत ठेवायची. एवढं करून स्वेटर घालायचा कुणी आणि कधी?

याचं साधं उत्तर म्हणजे बाळंतविडा. घरात कुणाला दिवस गेले की सातव्या महिन्यापासून बायकांचे हात चालू लागतात. टोपडं, झबलं, मोजे, लाळेरं, दुपटं. बाळ वैशाखात येणार असलं तरी टोपडं लोकरीचंच. का, म्हणून कुणी विचारत नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं.

आमचं गाव गाढी नदीच्या काठचं. भातशेती, पावसाळ्यात थोडी मासेमारी. विणकाम मी पहिल्यांदा पाहिलं ते बाबांचं. पेरणी-लावणीच्या आधी ओटीवर बसून ते पाग विणायचे. भिंतीतल्या खिळ्याला दोरा अडकवलेला, एका हातात बांबूची चपटी सुई, दुसऱ्या हातात मापाची पट्टी. पट्टीभोवती दोरा घ्यायचा, सुई घालायची, गाठ ओढायची. शेवटी काठाला शिशाच्या गोळ्या. हे सगळं पहिल्या पावसाच्या आत व्हायला हवं असे. नदीला चढणीचे मासे आले आणि पाग खिळ्यावर अर्धा लटकतोय, असं झालं तर घरात हसं व्हायचं.

लोकर आली ती शाळेतल्या बाईंबरोबर. बाई साताऱ्याकडच्या. मधल्या सुट्टीत झाडाखाली बसून विणायच्या. आम्हा चार-पाच पोरींना त्यांनी शिकवलं, पण सुया कुठून आणणार? छत्रीच्या जुन्या काड्या दगडावर घासून आम्ही सुया केल्या. बाईंनी एक विटका स्वेटर उसवून दिला. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळ्यावळ्यांची निघते. तिची लडी करून ओली करायची, खाली दगड बांधून वाळत टाकायची, म्हणजे सरळ होते. त्या लोकरीवर मी सुलट आणि उलट टाका शिकले.

बाबांनी ते विणकाम हातात घेऊन पाहिलं आणि एक टोक ओढलं. सरसर दोन ओळी उसवल्या. मी रडायला लागले. ते म्हणाले, "गो बाय, यात गाठच नाय. जाल्याचा एक दोरा तुटला तरी बाकीचं जालं ऱ्हातं. ह्याचं टोक सुटलं का सगला कारभार गेला." मग टोक कसं सांभाळायचं, हे त्यांनी बाईंना विचारून ये म्हणून सांगितलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी टोक सुईत ओवून उलट्या बाजूने टाक्यांच्या आतून फिरवायला शिकवलं. आधी एका दिशेने, मग मागे वळून दुसऱ्या दिशेने. विणकामातली ही सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट आहे. आणि सगळ्यात शेवटी येते, म्हणून बहुतेकदा राहून जाते.

लग्न होऊन मी पनवेलात आले, लाईन आळीजवळ. पुढे नोकरी लागली. १९९८ साली हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि माझं विणकाम पुन्हा सुरू झालं. पनवेल ते सीएसटी ४९ किलोमीटर, सव्वा तासाच्या वरचा प्रवास. गाडी इथूनच सुटायची, त्यामुळे सकाळी खिडकीची जागा मिळे. वाशीपर्यंत निवांत विणता यायचं. पुढे गर्दी वाढली की कोपर अंगाला चिकटवून. त्याच डब्यात पोस्टातल्या ताई भेटल्या, आणि मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरी करणाऱ्या सिस्टर. आमच्या आळीतल्या वहिनी नंतर आल्या. त्यांचा हात क्रोशावर. साखळी आणि खांब डोळे मिटून घालत.

शनिवारी दुपारी आम्ही वहिनींच्या ओटीवर जमू लागलो. चौथी-पाचवी खेप असेल. खाडीकाठच्या गावातून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशी पाटी उतरवून तिथेच बसल्या. म्हणाल्या, "मना लोकरीचं येत नाय, पन जालं विनलंय मी जलमभर. बसू का?" त्या दिवसापासून आम्ही पाच जणी झालो.

विणणाऱ्या बायकांच्या पिशव्या कधी उघडून पाहिल्यात? एकेकीच्या पिशवीत तीन-चार अर्धवट कामं असतात. पोस्टातल्या ताईंकडे एका स्वेटरची पाठ, पुढचे दोन भाग आणि एक बाही होती. दुसरी बाही चार वर्षं यायची होती. ज्या पुतण्यासाठी घेतला तो पुतण्या तोवर मिसरूड फुटलेला. एक मोजा झाला की दुसरा नको वाटतो, कारण त्यात नवीन काही नसतं. नव्या लोकरीचा रंग, नवा नमुना, पहिल्या दहा ओळी, यात मौज असते. मग भाग जोडायचे, गळ्याचे टाके उचलायचे, टोकं आत घ्यायची, म्हटलं की हात कामातून जातात. एकटी असले की मी पिशवी बंद करून भाजी निवडायला बसते. समोर चौघी बसलेल्या असल्या की तसं करता येत नाही.

म्हणून आमचा एक नियम झाला. जुनं बंद केल्याशिवाय नवा गुंडा सोडायचा नाही. आणि काम संपलं की ते उलटं करून मधे ठेवायचं. सुलट बाजू जगाला दाखवायची असतेच. उलट्या बाजूला गाठी, जोड, मधेच बदललेला रंग, सगळं दिसतं. ती बाजू नणंदेला किंवा विहिणीला कोण दाखवतं? आम्ही एकमेकींना दाखवत होतो. हळूहळू घरातल्या गोष्टीही तशाच बाहेर येऊ लागल्या. कुणाच्या नवऱ्याची नोकरी, कुणाच्या सुनेचं वागणं, वहिनींच्या छातीतली गाठ. ती गाठ साधी निघाली, पण तपासणीचा कागद येईपर्यंतचे दहा दिवस आम्ही रोज तिथे जात होतो. बोलणं फारसं व्हायचं नाही. सुयांचा आवाज तेवढा असायचा.

२००९ च्या जूनमध्ये वहिनींची लेक एकतिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, वजन १,३०० ग्रॅम. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, हे त्याच्या निम्म्याच्या आसपास. तिला मुंबईला हलवलं. सिस्टरांनी फोन केला: "टोप्या हव्यात. मोजे हव्यात. बाळंतविड्यातलं काहीही आणू नका, ते सगळं तिला तंबूसारखं होईल."

पनवेलात लोकर कशाला, याचं खरं उत्तर मला त्या आठवड्यात कळलं. सिस्टरांनी समजावून सांगितलं. अशा बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. कातडीखाली चरबी नसते, त्यामुळे अंगातली ऊब भराभर निघून जाते. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, त्यातून ऊब येते. बाळाला ते जमत नाही. त्याचं अंग साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या मधे राहायला हवं. आपण पंखा लावून घाम पुसत असतो, त्याच खोलीत ते गारठतं. आमच्या आज्या-पणज्यांनी वैशाखातसुद्धा टोपडं का घातलं, ते असं उलगडलं.

उपायही सिस्टरांनी सांगितला. बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं धरून बांधायचं, अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात डॉक्टर एडगार रे यांनी ही पद्धत सुरू केली. तिथे काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त. मग आईचीच पेटी केली. आज ती जगभर वापरतात, पेट्या भरपूर असलेल्या देशांतही. म्हणजे आई, कातडीला कातडी, आणि डोक्यावर एक टोपी. त्यातली टोपी आमच्या हातातली होती.

डोक्याचा घेर २८ सेंटिमीटर, लहानशा सोललेल्या नारळाएवढा. लोकर नको, सुती दोरा हवा, कारण टोपी रोज उकळत्या पाण्यातून निघणार. टपाल नाक्याच्या बाजूला जाऊन मी दोरा आणला. पाऊस धो धो. रात्री आम्ही पाचही जणी वहिनींच्या घरी. वहिनी स्वतः विणायला बसल्या नाहीत. देवासमोर बसल्या, मग उठून चहा केला, मग पुन्हा बसल्या. दहा नंबरच्या सुया, साठ टाके, दोन सुलट दोन उलट, म्हणजे ताणली तरी डोक्यावर घट्ट बसेल. साडेचार इंच झाल्यावर दोन-दोन टाके एकत्र घेत वर मिटवायचं. पहाटे चारपर्यंत सहा टोप्या आणि मोज्यांचे चार जोड झाले.

मावशींना विणता येत नव्हतं, म्हणून त्या तपासत होत्या. एकेक वस्तू उलटी करून, आत बोट घालून फिरवायच्या. एका मोज्यात त्यांचं बोट अडकलं. पोस्टातल्या ताईंच्या हातून घाईत टोक आत घ्यायचं राहिलं होतं, इंचभर दोरा आत लोंबत होता. मावशींनी तो दिव्याखाली धरला. "यो बघ गो. पोरीच्या बोटाला गुंडालला त? जाल्यात मासा अडकाया होवा, हितं नाय." ताई गप्प झाल्या. सिस्टर म्हणाल्या, मावशी म्हणतात ते खरं आहे. मोज्यातला सुटा दोरा किंवा केस इवल्या बोटाभोवती आवळला गेला की रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. ताईंनी टोक आत घेतलं, मावशींच्या हातात परत दिलं, मावशींनी पुन्हा बोट फिरवलं.

त्या हवेत वाळणार काय? टोप्या उकळून, पिळून, इस्त्रीने कोरड्या केल्या आणि पहिल्या लोकलने सिस्टर घेऊन गेल्या.

मुलगी सदतीस दिवस तिथे होती. घरी आली तेव्हा १,९०० ग्रॅम. आज ती कॉलेजात आहे आणि तिला विणकामाचा मनापासून कंटाळा आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. सहातल्या दोन टोप्या सिस्टरांनी शेजारच्या खाटांवरच्या बाळांना दिल्या होत्या. त्यातलं एक बाळ राहिलं नाही. त्याच्या आईने टोपी परत दिली नाही, जपून घरी नेली, असं सिस्टर म्हणाल्या. त्या शनिवारी कुणीच पिशवी उघडली नाही. पुढच्या शनिवारी मावशी म्हणाल्या, "बसलाव कशाला? टोप्या करा." तेव्हापासून दर महिन्याला आमच्या टोप्या जातात. सिस्टर निवृत्त झाल्या तरी नेऊन देतात.

मावशींचं गाव आता जागेवर नाही. विमानतळासाठी पनवेल-उलवे पट्ट्यातली दहा गावं उठली, त्यातलं ते एक. त्यांना नवीन वसाहतीत घर मिळालं. दारात होडी नाही, ओटीवर जाळं नाही. शनिवारी मात्र रिक्षा करून येतात. डोळ्यांना कमी दिसतं, तपासणी बोटांनीच चालते. आमच्यातली कुणीही अजून एकही टोपी मावशींच्या बोटाखालून गेल्याशिवाय पिशवीत टाकत नाही.

तुमच्या ट्रंकेतही एखादी एकुलती एक बाही पडली असेल. ज्याच्यासाठी घेतली तो मोठा झाला असेल, किंवा नसेलही आता. एकटीने ती पुरी होणार नाही. शेजारणीला हाक मारा, चहा ठेवा, टोकं आत घ्या. मग उलटी करून तिच्या हातात द्या, आणि तिला आत बोट फिरवून पाहू द्या.