पाण्यातलं राज्य

मुरुडला जाऊन आल्यापासून एक विषय डोक्यात घोळतोय. म्हटलं, लिहूनच टाकावा.

सोनगीरचा माणूस कुठलाही किल्ला बघायला गेला की आधी आपल्या किल्ल्याशी तुलना करतो, त्याला इलाज नाही. आमचा किल्ला मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, टेकडीवर. खानदेश ज्याचा, त्याचं सोनगीर. फारुकी झाले, 1601 मध्ये असीरगड पडल्यावर मुघल आले, पुढे निजाम, मराठे, 1818 मध्ये इंग्रज. रस्त्यावरच्या गावाला कोण विचारतो? (आमचे तांबट मात्र राज्य कोणाचंही असो, हंडे ठोकतच राहिले असणार.)

जंजिरा पाण्यात. जेमतेम 22 एकरांची जागा, 19 बुरूज. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो की लगेच ऐकायला मिळतं, "हा किल्ला कोणालाच जिंकता आला नाही." खरंच आहे ते. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, 1682 मध्ये संभाजीराजांनी खाडीत भराव टाकून वाट करायला घेतली, तरी किल्ला पडला नाही.

पण होडीत कोणी सांगत नाही ती गोष्ट मला जास्त रंजक वाटते. हे अजिंक्य सिद्दी कायम कोणाचे तरी चाकर होते! आधी अहमदनगरची निजामशाही, मग विजापूरची आदिलशाही, 1670 च्या सुमारास मुघल. औरंगजेबाच्या आरमाराचं काम करायचं आणि सुरतेच्या वसुलीतून पैसा घ्यायचा. आतला कारभार मात्र पूर्ण त्यांचा. सुरुवातीच्या काळात तर सरदार मेला की गादी मुलाकडेच जाईल असंही नव्हतं, आरमारातला कर्तबगार माणूस वर यायचा. मोठा धनी दूर असावा आणि त्याला आपली गरज असावी, एवढं जमलं की लहान राज्य टिकतं.

इंग्रजांच्या अमलातही बराच काळ असंच चाललं. जंजिऱ्याला खंडणी नव्हती आणि 1868 पर्यंत तिथे पोलिटिकल एजंटही नव्हता. मग नवाबाच्या कारभाराविरुद्ध, विशेषतः फौजदारी न्यायाबद्दल फार ओरड झाली आणि ते अधिकार काढून एजंटाकडे दिले गेले. तोफांनी जे झालं नाही ते कागदाने झालं.

इथे मला हळहळ वाटायला हवी होती. नाही वाटली. कारण ज्यांच्यावर अन्याय होत होता ते कोण होते? संस्थान म्हणजे काही फक्त ते बेट नव्हे. किनाऱ्यावरचा सव्वातीनशे चौरस मैलांचा मुलूख, त्यातले कोळी, आगरी, कुणबी. 1901 च्या शिरगणतीत सुमारे 85 हजार माणसं. स्वायत्तता होती ती नवाबाची आणि सरदारांची. या 85 हजारांना तिच्यातून काय मिळालं?

आमच्या वाड्यात चुलत आजीची स्वतंत्र चूल होती. ती लवकर विधवा झालेली. तिचं धान्य वेगळं, मिरची-मसाला वेगळा, तिच्या चुलीवर काय शिजतंय हे कोणी विचारायचं नाही. आम्हा पोरांना तो मोठा मान वाटायचा. पण नाल्याकाठचं शेत विकायचं ठरलं तेव्हा बैठकीत तिला कोणी बोलावलं नाही. सातबाऱ्यावर तिचं नावच नव्हतं, सही कशाला हवी? दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी चूल पेटवली आणि भाकरी टाकल्या. एक शब्द बोलली नाही. जिभाऊ हे वाचतील आणि रागावतील, पण झालं ते असं झालं.

असो. चूल वेगळी असणं आणि बैठकीत जागा असणं, यात फरक आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांबद्दल वाचताना हे फार जाणवलं. ही बेटं डेन्मार्कच्या राज्यात. 1946 मध्ये तिथल्या लोकांनी अगदी थोड्या मतांनी स्वतंत्र होण्याच्या बाजूने कौल दिला, पण डेन्मार्कच्या राजाने त्यांची विधानसभाच बरखास्त केली. पुन्हा निवडणूक, वाटाघाटी, आणि 1948 मध्ये स्वराज्याचा कायदा. गंमत म्हणजे न्यायालयं आणि पोलीस आजही डेन्मार्कचेच. म्हणजे जंजिऱ्याने जे 1868 मध्ये गमावलं ते यांच्याकडे कधी आलंच नाही! पण समुद्रातला मासा कोणी आणि किती धरायचा हे यांनी निवडून दिलेली माणसं ठरवतात. 1973 मध्ये डेन्मार्क युरोपीय समुदायात गेला, हे गेले नाहीत. माणसं किती? 55 हजारांच्या आसपास. धुळ्याच्या एका कोपऱ्यात मावतील.

त्याच 1948 साली जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाला. ते मला पटतं.

पटत नाही ते औंधचं. औंध संस्थान समुद्रापासून लांब, पण नकाशावर बेटांसारखंच: औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे, गुणदाळ तर थेट विजापुराकडे. एकूण 72 गावं. जानेवारी 1939 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपणहून सत्ता प्रजेला दिली. गांधीजींचा सल्ला, अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत. गावोगाव निवडलेल्या पंचायती झाल्या आणि त्यांच्याकडे खरा कारभार आला. ही नुसती राजाची चूल नव्हती, सगळ्या घराची बैठक होती. तरी 1948 मध्ये जंजिऱ्याच्या आणि औंधच्या फायलीवर शिक्का एकच पडला. देश एकत्र करायचा तर सवडीने निवड करता येत नाही, हे कळतं. तरीही नऊ वर्षं चाललेलं ते काम एका फटक्यात गुंडाळलं याचं वाईट वाटतं.

त्या काळातली एक गोष्ट अजून उभी आहे, आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत, 1939 ची. 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. कैद्यांच्या वस्तीचं नाव स्वतंत्रपूर! पुढच्या सुट्टीत तिकडे जायचा विचार आहे. जिभाऊंचा राग तोवर गेला असेल तर त्यांनाही गाडीत घालीन.