खुरावरील वलये

कमानिया गेट ही जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेची ओळख. १९३९ साली शहराजवळच त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून ही कमान उभी आहे. मिरवणुकीतील ५२ हत्तींची गोष्ट शहरात आजही सांगितली जाते. परंतु टांगा ओढणाऱ्या घोड्याची किंवा विटा-वाळू वाहणाऱ्या गाढवाची आठवण कोणत्याही कमानीवर कोरली जात नाही. त्यांच्या कष्टांची नोंद असते ती त्यांच्याच खुरांवर.

खूर नखासारखा सतत वाढतो. पण फार सावकाश, महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर. आजारपण, उपासमार, एकाएकी बदललेला चारा यांची वलये त्यावर उमटतात. एका आषाढात झालेली इजा पुढच्या आषाढापर्यंत खाली सरकत राहते. म्हणून जाणता नालबंद पाय उचलताच जनावराचे मागचे वर्ष वाचतो.

हे वर्ष ऋतूंनी घडवलेले असते. वैशाखात माळ करपतो, कोरड्या खुराला तडे जातात. भुकेले जनावर उकिरड्यात तोंड घालते, प्लास्टिक गिळते आणि त्याचे आतडे तुंबते. मग मृगाचा पाऊस पडतो, रान हिरवे होते आणि मालकाला हायसे वाटते. धोका नेमका येथेच असतो. वाळक्या चाऱ्याची सवय झालेल्या पोटाला कोवळे गवत अकस्मात भरपूर मिळाले, तर पोटशूळ उठतो. कधी त्यातील साखरेमुळे खुराच्या आतील नाजूक थराचा दाह होतो. दाणा फार झाला तरी हेच घडते. खूर हाताला गरम लागतो. घोडा पुढच्या पायांवरचा भार मागे टाकून अवघडून उभा राहतो. गाढव तर मूळचे कोरड्या प्रदेशातले. त्याचे खूर पाणी लवकर शोषतात आणि चिखलात कुजतात. शिवाय ते वेदना सहसा दाखवत नाही. त्याच्या मूकपणाला माणूस हट्ट समजतो आणि काठी उगारतो.

‘घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले?’ या जुन्या कोड्याचे उत्तर आहे, ‘फिरवले नाही म्हणून.’ खुराचा दाह झालेल्या घोड्याला मात्र हे उत्तर लागू पडत नाही. त्याला फिरवले, तर दुखणे वाढते. त्याला मऊ, कोरडी जागा, विश्रांती आणि त्याच दिवशी पशुवैद्य हवा. जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

एरवी लागते ती थोडीशी दक्षता. हिरव्या रानात आरंभी थोडाच वेळ सोडावे आणि त्याआधी वाळला चारा द्यावा. रोज तळवा साफ करून पाहावा. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून घ्यावेत. हातावर पोट असलेल्या माणसाला जनावराची एक दिवसाची विश्रांतीही जड जाते. एक खेप बुडाली, तर त्या दिवसाची चूल अडते, हे खरेच आहे. पण तीच खेप दुखऱ्या पायाने ओढायला लावली, तर तिची किंमत जनावर आणि मालक दोघेही वर्षभर मोजत राहतात.