अंडी थांबल्यावर

आमच्या भागात कोंबडी म्हातारी होत नाही. दोन-तीन वर्षं नेमाने अंडी देते, मग अंडी विरळ होतात आणि एखाद्या आखाडात किंवा पाहुणा आला म्हणून तिच्यावर सुरी फिरते. त्यामुळे खुडूक कोंबडीखाली अंडी कधी ठेवायची, पिल्लांना घारीपासून कसं जपायचं, मुंगूस शिरू नये म्हणून खुराड्याला खालून काय लावायचं, हे वाडीतली कुणीही बाई सांगेल. सहा-सात वर्षांची कोंबडी कशी सांभाळायची हे विचारायला मात्र कुणी सापडत नाही. देवरुखजवळच्या आमच्या घरी मी माझ्या चार कोंबड्या शेवटपर्यंत ठेवायच्या ठरवल्या. घरातल्यांनी ते मान्य केलं. पण ठरवणं आणि निभावणं यांत बरंच अंतर होतं, आणि त्या अंतराची किंमत कोंबड्यांनी मोजली.

तांबडी आणि भुरकी गिरिराज जातीच्या होत्या, कवडी आणि काळी गावठी. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात. अंगाने भारी, वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देणारी. कोंबडी पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते, पहिलं वर्ष सगळ्यांत भराचं असतं आणि त्यानंतर दर वर्षी अंडी कमी होत जातात. नीट सांभाळली तर ती सात-आठ वर्षं जगते. म्हणजे तिचं अर्ध्याहून जास्त आयुष्य अंड्यांचा भर ओसरल्यावरचं असतं. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

कोंबडीची तब्येत मी अंड्यांवरून ओळखत होते. कवच पातळ आलं की शिंपल्यांचा चुरा द्यायचा, अंडं चुकलं की उचलून बघायचं. अंडी थांबली आणि उचलून बघणंही थांबलं. सकाळी दार उघडायचं, दाणे टाकायचे, संध्याकाळी मोजून दार लावायचं, एवढंच उरलं. पुढच्या सगळ्या चुका यातूनच झाल्या.

पहिली चूक खाद्याची. मी दुकानातून लेअर फीडचं पोतं आणायची, ते तसंच चालू ठेवलं. अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी कॅल्शियम लागतं, म्हणून त्या खाद्यात ते साडेतीन-चार टक्के असतं. अंडी बंद झालेल्या कोंबडीला एवढं लागत नाही आणि जादाचा भार मूत्रपिंडावर पडतो. भुरकीच्या पायांचे सांधे सुजले तेव्हा मी ते वयावर ढकललं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती काय खाते हे विचारलं आणि मला पोत्याचं नाव सांगताना कळलं की आपण हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. त्यानंतर साधं कमी कॅल्शियमचं खाद्य, तांदळाची कणी, नाचणी, पालेभाजी असं सुरू केलं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. जिला हवा ती खाते, नको ती खात नाही.

भुरकीच्याच बाबतीत दुसरी चूक झाली. खुराड्यातला दांडा माझ्या छातीएवढ्या उंचीवर होता. तरुणपणी ती त्यावर सहज चढायची. म्हातारपणी चढायला धडपडायची आणि उतरताना सगळं वजन घेऊन शेणाने सारवलेल्या कठीण जमिनीवर आपटायची. तळपायाला काळी गोल खपली धरली होती. मला ती वाळलेला चिखल वाटली. ती धुऊन निघेना तेव्हा कळलं की आत पू घट्ट झाला आहे. तोवर ती लंगडून एकाच पायावर भार द्यायला लागली होती. दांडा फूटभर उंचीवर आणणं आणि खाली भाताचा तूस पसरणं हे एका दुपारचं काम होतं. मी ते भुरकी गेल्यावर केलं.

तांबडीचं दुखणं मला सगळ्यांत जास्त लागलं. दार उघडलं की सर्वांत आधी बाहेर पडणारी ती. पावसाळा सरता सरता ती मागे राहू लागली, पिसं फुगवून कोपऱ्यात बसू लागली. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘‘खुडूक झालीय, बसू दे.’’ मलाही ते सोयीचं वाटलं. खुडूक कोंबडी हात लावला की फुरफुरते, चोच मारते, दिवसातून एकदा तरी धावत येऊन दाणापाणी घेते आणि परत जागेवर जाते. तांबडी यातलं काहीच करत नव्हती. हात लावला की डोळे मिटून घ्यायची. तुरा फिका पडून एका बाजूला कलला होता. चालताना पाय फाकायची, शेपटी खाली सोडून अंग उभं धरायची. शेवटी मी तिला उचललं. दोन पायांच्या मधली जागा गरम होती आणि पाणी भरलेल्या फुग्यासारखी हाताखाली हलत होती. वर बोटं नेली तर छातीचं हाड धारदार लागलं. पिसांमुळे गुबगुबीत दिसणारी कोंबडी आतून हाडांवर आली होती आणि मी तिला रोज बघत होते.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, बाकीच्यांपैकी कुणी अचानक मेलं का? 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ निघाली. तेव्हापासून हा प्रश्न आधी विचारावाच लागतो. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कोंबडीचं एकच, डावं अंडाशय काम करतं. तिथून सुटलेला बलक अंडनलिकेत पडायला हवा. वय झालं, नलिकेला सूज आली की तो चुकून पोटात पडतो, तिथे सडतो, पाणी धरतं. म्हाताऱ्या कोंबड्यांना अंडाशयाचा कर्करोगही होतो, आणि माणसातल्या त्याच रोगाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबड्यांकडे बघतात. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आपण माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याच शरीराकडून शेकड्याने अंडी काढली. त्या शरीराचं दुखणं शेवटी त्याच जागी निघतं.

डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, औषधं दिली. लवकर आणली असती तर वाचली असती असं ते म्हणाले नाहीत. त्रास कमी झाला असता, एवढं म्हणाले. पाणी पुन्हा भरलं तर इंजेक्शन देऊन तिला शांतपणे सोडवता येईल, हेही सांगितलं. पाणी पुन्हा भरलं. मी तिला दवाखान्यात नेलं नाही. त्याऐवजी तिची चोच उघडून नाचणीची आंबील घालत राहिले. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. घाईने ओतलेलं तिकडे जातं. तिला ठसका लागायचा, मान ताणून ती श्वास ओढायची, आणि मी थोडं थांबून पुन्हा घालायची. माझी तयारी होईपर्यंत तिने ते सोसलं. याला सेवा म्हणत नाहीत. आता माझा नेम असा आहे की कोंबडी आपणहून खात नसेल, उठत नसेल आणि डॉक्टरांनी आशा सोडली असेल, तर दुसऱ्याच दिवशी तिला सोडवायचं.

तिला शेवग्याखाली पुरलं तेही उथळ. रात्री कुत्र्यांनी उकरलं. सकाळी पिसं गोळा करताना भाचा शेजारी येऊन उभा राहिला. त्याला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं की तांबडी दुसऱ्या घरी राहायला गेली. त्याने काही विचारलं नाही, पण त्यानंतर खुराड्याकडे येणं सोडलं. पोरांना मरण कळतं. खोटं बोललेलंही कळतं. कवडी गेली तेव्हा त्याला हाक मारली. खोल खड्डा काढला, चुना टाकला, वर दगड ठेवले. दगड त्याने लावले.

कवडी गेल्यावर काळी एकटी राहिली. कोंबडी कळपात जगणारा जीव आहे, एकटी पडली की खाणं तोडते. काळी दिवेलागणीला दांड्यावर न जाता दाराशी उभी राहून आवाज देत राहायची. मी बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी आत सोडल्या. त्यांनी तिचा तुरा रक्तबंबाळ केला, तिला दाण्यापाशी येऊ दिलं नाही आणि सोबत उवा आणल्या. नव्या कोंबड्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवायच्या, मग मध्ये जाळी लावून एकमेकींना दिसू द्यायच्या, दाण्याची भांडी दोन ठिकाणी मांडायची, हे मी नंतर शिकले आणि नंतर केलं. काळी त्यातून सावरली. त्यांच्याबरोबर उन्हात धूळ अंगावर घेत लोळण्याइतकी सावरली, आणि पुढे एका पहाटे झोपेतच गेली.

चौघींसाठी मी रडले. ‘‘कोंबडीचं कसलं सुतक?’’ असं घरातच ऐकलं, आणि तेव्हा लाज वाटून गप्प बसले. आता गप्प बसत नाही. आमच्या घरी कोंबडी शिजते, मीही खाते. तरी ज्या जिवाला रोज हाताने दाणा दिला तो गेल्यावर वाईट वाटतं, यात लाजण्यासारखं काही नाही. गप्प राहिल्याने माझं एक नुकसान नक्की झालं. कुणाशी बोललेच नाही, म्हणून एका कोंबडीच्या वेळी झालेली चूक दुसरीच्या वेळी टळली नाही.

परसात कोंबड्या ठेवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पिल्लं आणतानाच ठरवा, अंडी थांबल्यावर यांचं काय करणार. कापणार असाल तर तब्येत चांगली असतानाच कापा; त्यात अप्रामाणिक काही नाही. ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा प्रत्येकीला उचला. छातीचं हाड चाचपा, पोट दाबून बघा, तळपाय उलटून बघा, सकाळी गळ्याची पिशवी रिकामी आहे ना ते पाहा. अचानक दोन-चार मेल्या तर हात न लावता 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवा. आणि दोन्ही गोष्टी जमणार नसतील, तर पिल्लं आणू नका.