यंत्राला नाव कुणाचं?

माझा एक जुना विद्यार्थी टिश्यू पेपर बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. दिवाळीत भेटायला आला की आपल्या कामाबद्दल भरभरून बोलतो. त्याच्याकडूनच मला कळलं की वाफेने तापलेल्या एका अवाढव्य सिलिंडरवर ओला, पातळ कागद चिकटवतात. सिलिंडरचा फेरा पुरा व्हायच्या आत तो वाळतो, आणि मग एक धारदार पातं त्याला खरवडून काढतं. खरवडताना ज्या बारीक चुण्या पडतात, त्यानेच त्याला तो मऊपणा येतो. आजची वेगवान यंत्रं मिनिटाला दोन किलोमीटर कागद काढतात म्हणे! आम्ही चौथीपर्यंत पाटीवर लिहिलं आणि पुढे पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून वापरल्या. आम्हाला हे ऐकून गरगरायला होणारच.

"पण बाई, सुरुवात कुणी केली?" हा प्रश्न त्याचाच. मास्तरकीची खोड काही जात नाही, मी शोधायला लागले. जे सापडलं ते गेले पंधरा दिवस मनातून हलत नाही, म्हणून लिहितेय.

पूर्वी कागद एकेक ताव करून बनायचा. आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही तसाच. चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवायचा, जाळीची चौकट त्यात बुडवून वर काढायची, हलवून पाणी निथळू द्यायचं आणि तो ओला ताव अलगद उलटा करायचा. सगळी करामत हाताची. कारागीर रुसला की कागद बंद.

पॅरिसजवळ एसोन इथे दिदो घराण्याची कागद गिरणी होती. तिथे कामगारांवर देखरेख करायला निकोला-लुई रोबेर नावाचा माणूस होता. आधी सैन्यात होता, मग कारकुनी केली. राज्यक्रांतीनंतरचे दिवस. गिरणीत रोजची भांडणं. त्याला कंटाळून रोबेरने ठरवलं, हाताशिवाय कागद करायचा. चौकटीऐवजी त्याने जाळीचा न संपणारा पट्टा केला. लगदा त्यावर पडत राहील, पाणी खाली गळत राहील आणि पट्टा पुढे सरकत राहील. हाताने दांडा फिरवायचं ते यंत्र. १७९९ साली त्याला पेटंट मिळालं.

पेटंट त्याने २५,००० फ्रँकला मालकाला, सें-लेजे दिदोला विकलं. पैसे ठरल्याप्रमाणे मिळेनात, तेव्हा १८०१ मध्ये त्याने पेटंट परत घेतलं. पण तोवर दिदोचा मेहुणा जॉन गँबल कल्पना घेऊन इंग्लंडला पोचला होता!

लंडनमध्ये हेन्री आणि सीली फोर्ड्रिनियर हे कागदाचे बडे व्यापारी भाऊ होते. त्यांनी पैसा घातला. यंत्र उभं करायचं काम आधी डार्टफर्डच्या जॉन हॉलकडे गेलं. त्याला ते फारसं पुढे नेता आलं नाही. मग ते आलं ब्रायन डॉन्किनकडे. हा हॉलचा एके काळचा शिकाऊ उमेदवार, आणि पुढे साडूही. डॉन्किनने लंडनच्या बर्मंडसी भागात कारखाना घातला आणि १८०३ मध्ये फ्रॉगमोरच्या गिरणीत पहिलं चालणारं यंत्र बसवलं. मग सुधारणा करत राहिला. १८५१ पर्यंत त्याच्या कारखान्यातून १९१ यंत्रं बाहेर पडली. ८३ ब्रिटनमध्ये, ४६ जर्मनीत, २३ फ्रान्समध्ये... आणि एक हिंदुस्थानात! त्या एका आकड्यावर माझी नजर बराच वेळ खिळून राहिली.

पैसा घालणाऱ्यांचं काय झालं? फोर्ड्रिनियर बंधूंनी ६०,००० पौंड ओतले आणि १८१० मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. रशियाच्या झारने दोन यंत्रांचे पैसे वर्षाला ७०० पौंड या हिशेबाने दहा वर्षं द्यायचं कबूल केलं, पण हाती काही पडलं नाही. शेवटी १८४० मध्ये ब्रिटिश संसदेने ७,००० पौंड देऊ केले. पण यंत्राला नाव मात्र त्यांचं लागलं. आजही त्याला 'फोर्ड्रिनियर'च म्हणतात.

ज्यांच्या हातचं काम गेलं त्यांनी काय केलं? १८३० च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात वायकोंबच्या आसपास कागद कामगारांनी गिरण्यांत घुसून यंत्रं फोडली. कित्येकांना हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांची नावं कोण सांगणार?

आणि रोबेर?

मंडळी, रोबेर शाळामास्तर झाला! १८१२ साली व्हेर्नुये नावाच्या गावात त्याने छोटी प्राथमिक शाळा काढली. पगार तुटपुंजा. १८२८ मध्ये तिथेच गरिबीत गेला. तोवर समुद्रापलीकडे त्याच्या कल्पनेवर मैलोगणती कागद निघत होता.

मी विचार करते, तो मुलांना काय सांगत असेल? आपण काय केलं ते कधी बोलला असेल का? आयुष्यभर खडूशी खेळलेल्या मला एक गोष्ट नक्की ठाऊक आहे. समोर चाळीस चेहरे असले की आपली दुखणी बाजूला राहतात. बेरीज चुकलेल्या पोराला तुमच्या पेटंटचं काय कौतुक? त्याला हातचा धरायला शिकवावंच लागतं. शिकवणं हे मला अनेकदा औषध वाटलं आहे. त्यालाही तसं वाटलं असेल, असं मी आपलं मानते.

न्यायाच्या गोष्टी मुलांना सांगणं सोपं असतं. इथे न्याय कुठे शोधायचा? ज्याला सुचलं तो गरीब राहिला, ज्यांनी पैसा घातला ते बुडाले, ज्यांचं काम गेलं ते हद्दपार झाले. एकटा डॉन्किन टिकला, कारण तो रोज उठून यंत्र थोडं थोडं नीट करत राहिला. पण त्या सगळ्यांमुळे कागद स्वस्त झाला, आणि स्वस्त झाला म्हणून माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलीपर्यंत पुस्तक पोचलं. या चौघांपैकी एकाला मोठं म्हणायला माझं मन धजत नाही.

एक बरं आहे. व्हेर्नुयेला चर्चसमोर रोबेरचा पुतळा आहे आणि तिथल्या एका शाळेला त्याचं नाव दिलं आहे. आपल्या गोतावळ्यातलं कुणी पॅरिसला गेलं तर जरा वाट वाकडी करा आणि मला त्या शाळेचा फोटो पाठवा. पुतळ्याचा नसला तरी चालेल, शाळेचा मात्र हवा.