संगणक घ्यायचाय? नांदेड पाहा, लातूरही पाहा!

मैत्रिणींनो, अहमदपूरच्या बसस्थानकावर उभं राहिलं की दोन वाटा समोर असतात. एक लोह्यावरून नांदेडला जाते, दुसरी चाकूरवरून लातूरला. अंतर दोन्हीकडे साधारण सारखंच. लग्नाचा बस्ता असो की डोळ्यांचा डॉक्टर, आम्हां अहमदपूरकरांचा पहिला प्रश्न ठरलेला : "नांदेड का लातूर?" मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून दोन्ही बाजार पाहून मग ठरवण्याची चैन आपल्याला परवडू लागली आहे.

या खेपेला खरेदी होती संगणकाची. भिशीचे ३५ हजार हाती आले होते. घरातल्या वडील मंडळींचं म्हणणं, "मोबाईल आहे की! पोरीला आणखी कॉम्प्युटर कशाला?" पण लेक अकरावीला, विज्ञान शाखेत. जेईई मेन आणि राज्याची सीईटी या दोन्ही परीक्षा २०१९ पासून पूर्णपणे संगणकावर होतात. जी मुलगी थेट परीक्षेच्या दिवशीच माऊस हातात धरते, तिची मोलाची मिनिटं तिथंच गळतात. अभ्यास असूनही!

मग लॅपटॉप का नाही? त्याचंही कारण ऐका. लॅपटॉप ज्याच्या हाती पडतो, त्याचाच होऊन बसतो. भाऊ वसतिगृहावर गेला की त्याच्याबरोबर लॅपटॉपही जातो. डेस्कटॉप मात्र घराचा राहतो. दुपारी त्यावर आपण शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप कराव्यात, संध्याकाळी मुलीनं सराव परीक्षा द्यावी, रात्री सातबारा काढावा. शिवाय एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. त्याच पैशांत पडदाही मोठा मिळतो, डोळ्यांना ताण कमी.

पहिली फेरी नांदेडची. गोदावरीकाठचं हे गाव. इथंच १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेलं सचखंड गुरुद्वारा पाहून, लंगरमध्ये दोन घास खाऊन मी बाजाराला निघाले. २००८ साली गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षं झाली, त्या निमित्तानं इथले रस्ते रुंद झाले, त्यामुळे फिरणं पुष्कळ सोपं झालंय. वजिराबादपासून शिवाजीनगरपर्यंत दुकानं पालथी घातली. हैदराबाद जवळ असल्यानं तिकडचा मालही इथं येतो.

एका दुकानात मालक माझ्याकडं न बघता बरोबर आलेल्या भाच्यालाच सगळं सांगत होते. "ताईंना काय समजणार!" हा भाव. भाचा बिचारा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. मी पिशवीतून कागद काढला आणि एकेक प्रश्न विचारू लागले. तेव्हा कुठं खुर्ची पुढं आली!

तो कागद कसा तयार करायचा, तेच आता सांगते. स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आणा. प्रोसेसर म्हणजे शेगडी. रॅम म्हणजे ओटा : जितका मोठा, तितकी कामं एका वेळी मांडता येतात. आणि एसएसडी म्हणजे फडताळ, जिथं सामान कायमचं राहतं. घरच्या कामाला इंटेलची आय-थ्री किंवा एएमडीची रायझन-थ्री ही शेगडी पुरे. ओटा ८ जीबीचा, आणि पुढं वाढवायला एक खाच रिकामी ठेवलेली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, तेव्हा आज गरजेपुरती घेऊन उद्याची सोय ठेवणं शहाणपणाचं. फडताळ ५१२ जीबीचं, पण एसएसडीच हवं. जुन्या पद्धतीची हार्डडिस्क स्वस्त पडते, पण संगणक सुरू होईपर्यंत चहा उकळून होतो.

एक बारीक गोष्ट. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असेल तर त्यात चित्र दाखवणारा भाग नसतो, त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. किंमत कमी दिसली म्हणून भुलू नका.

नांदेडलाच एकानं १२ हजारांत पडद्यासकट जुना संच दाखवला. कचेरीतून निघालेला, पुसूनपासून चकचकीत केलेला. मोह झाला खरा. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. तो संच चौथ्या पिढीचा निघाला. जुनं घेऊच नये असं नाही, पण पिढी विचारल्याशिवाय पैसे काढू नका. विंडोज अस्सल आहे का आणि त्याचं बिल मिळणार का, हेही विचारा. नाहीतर सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली फुकट मिळते. तीत मराठीही आहे.

पुढच्या रविवारी लातूर. इथली गंजगोलाई बघाच. १९१७ सालची गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची-गूळ. देवीला हळदकुंकू वाहून पुढं गेले. शिकवण्यांच्या भागात पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींची रीघ लागली होती. 'लातूर पॅटर्न' तो हाच. गावोगावचे आईबाप पोटाला चिमटा घेऊन इथं पोरं ठेवतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या घरी निदान एक संगणक असावा, असं मला तिथं फार वाटलं.

लातूरच्या दुकानात तोच संच नांदेडपेक्षा १,८०० रुपयांनी महाग सांगितला. पण माझ्या कागदावर शेवटचा प्रश्न होता : "बिघडला तर अहमदपूरला कोण येणार?" नांदेडचं उत्तर होतं, "डबा घेऊन या इकडं." लातूरवाल्यांचा माणूस दर आठवड्याला अहमदपूरला येतो, आणि तसं त्यांनी बिलावर लिहूनही दिलं. कॅबिनेट घेऊन दोनदा नांदेडला जायचं म्हटलं तर तेवढे पैसे गाडीभाड्यातच गेले असते, दोन दिवसांचा खाडा वेगळाच. घासाघीस करून १,००० कमी करून घेतले आणि लातूरलाच बयाणा दिला. यूपीएससकट ३४,५०० झाले. पाचशेची नोट उरली, तिच्या माऊसपॅड आणि पेढे आणले!

आपल्याकडची वीज तर तुम्हांला ठाऊकच. म्हणून यूपीएसमध्ये काटकसर नको, आतला एसएमपीएसही नावाजलेल्या कंपनीचा घ्या. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. संगणक भिंतीला चिकटवू नका, उन्हाळ्यात त्यालाही वारा लागतो. महिन्यातून एकदा बंद करून मऊ ब्रशनं धूळ काढा. ओलं फडकं मात्र नको.

बिलाबद्दल एक सांगते. "अठरा टक्के जीएसटी वाचवतो, कच्चं बिल घ्या," असं कुणी म्हटलं तर हात जोडा. जुळवलेल्या संचात प्रत्येक भागाची हमी निरनिराळी असते. पक्कं बिल नसेल तर ती मागायची कशाच्या जोरावर? आणि बिल आपल्या नावावर करा बरं का! पैसे भिशीचे आहेत, नाव का दुसऱ्याचं?

संगणक बैठकीच्या खोलीत ठेवा, जाता-येता सगळ्यांना दिसेल असा. मुलीचा अभ्यास झाला की तासभर तुम्हीही बसा. टायपिंगची सरकारी परीक्षा आता संगणकावरच होते, आणि त्या परीक्षेला वयाची लाज वाटायचं काही कारण नाही.