दिवाळीची पोस्त

मराठी भाषेंत कांहीं शब्द असे आहेत, कीं ते वर्षांतून एकदांच घराबाहेर पडतात. 'पोस्त' हा त्यांपैकींच एक. एरवीं तो कोठें दडून बसलेला असतो कोण जाणे. परंतु आश्विनाचा कृष्णपक्ष लागला, अनारशांचे तांदूळ भिजत पडले, आणि माळ्यावरचा आकाशकंदील धूळ झटकून खालीं आला, म्हणजे हा शब्दहि हळूच दाराशीं येऊन उभा राहतो. पोस्टमन, दूधवाला, इस्त्रीवाला, झाडूवाला, रात्रींचा पहारेकरी, प्रत्येकाच्या ओठांवर तेच शब्द: "दिवाळीची पोस्त!"

मला या शब्दाचें नेहमीं नवल वाटतें. हीं माणसें एरवीं कोणापुढें हात पसरणारीं नव्हेत. आमच्याकडे भांडीं घासायला येणाऱ्या बाईंना पगार वाढवून मागावयाचा असला, तर त्या आठ दिवस दाराशीं घुटमळतात आणि शेवटीं न बोलतांच निघून जातात. पण पोस्त मागतांना त्यांचा आवाज कसा मोकळा असतो! त्यांत थोडा हक्क असतो, थोडी थट्टाहि असते. "वहिनी, यंदा लुगडें नको हं, रोखच द्या," असें त्या आमच्या थोरल्या वहिनींना खुशाल सांगतात.

मागण्यानें माणूस लहान होतो हें जर खरें, तर पोस्त मागतांना तो लहान कां होत नाहीं? याचें उत्तर, मला वाटतें, त्या शब्दांतच आहे. पोस्त ही भीक नव्हे, कर्ज नव्हे, उपकारहि नव्हे. ती रीत आहे. देणारा म्हणतो, सणाची रीत म्हणून देतों. घेणारा म्हणतो, सणाची रीत म्हणून घेतों. मध्यें रीत उभी राहिल्यामुळें देणाऱ्याला वरून पाहतां येत नाहीं, आणि घेणाऱ्याला मान खालीं घालावी लागत नाहीं.

या दृष्टीनें पाहूं लागलें, म्हणजे दिवाळीच्या कितीतरी चालींचा अर्थ नव्यानें उलगडतो. भाऊबिजेचेंच पाहा. सासरीं ओढाताणींत संसार करणाऱ्या बहिणीला भावानें एखाद्या आडदिवशीं चार पैसे देऊं केले, तर ती ते घेणार नाहीं. घेतले तरी सासरच्यांसमोर तिला संकोच वाटेल. तेच पैसे निरांजनाशेजारीं तबकांत पडले, कीं त्यांचें नांव ओवाळणी होतें, आणि तीं तबक दिमाखानें आंत नेते. ज्या बहिणीला भाऊ नाहीं, तिलाहि या सणानें वगळलेलें नाहीं. तिनें अंगणांत जाऊन चंद्राला ओवाळावें. चंद्र तबकांत कांहीं घालीत नाहीं खरा, पण त्या दिवशीं आपल्याला कोणी नाहीं असें तिला वाटूं नये, एवढी काळजी त्या चालीनें घेतली आहे.

या नांवाची किमया लोककार्यांतहि दिसून आली आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० सालीं तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवणारा हा गृहस्थ आश्रमासाठीं मैलोगणती पायपीट करीत असे. पुढें त्या संस्थेनें दिवाळीच्या सुमारास लहानमोठ्या रकमा गोळा करण्याचा प्रघात पाडला, आणि त्याला नांव दिलें 'भाऊबीज निधि'. वर्गणीदार पाहून दार लोटून घेणारे सद्गृहस्थ पुष्कळ असतात. परंतु बहिणीला ओवाळणी नाकारणें कोणाच्या जिवावर येत नाहीं? आणि शिकूं पाहणाऱ्या मुलीलाहि आपण धर्मादायावर नव्हे, भावांच्या ओवाळणीवर शिकलों असें म्हणतां आलें.

आम्ही वाड्यांत राहत होतों तेव्हांची एक गोष्ट सांगतों. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांतल्या गृहस्थांची नोकरी ऐन गणपतींत सुटली होती. त्यांच्या पत्नी मोठ्या मानी. कोणी वाटीभर साखर पुढें केली तरी "आहे हो घरांत," म्हणून हंसून परत करीत. वसुबारसेच्या आदल्या दिवशीं माझी आत्या जिना चढून वर गेली. "अगं, माझा हात भारी दुखतो आहे, सोऱ्या दाबवत नाहीं. दोन दिवस खालीं येऊन चकल्या पाडून देतेस का?" त्याच सकाळीं तिनें भरलेली तांब्याची घागर एका हातानें उचललेली आम्हीं पाहिली होती!

त्या आल्या. दोन दुपारा त्यांनीं चकल्या पाडल्या, करंज्यांना मुरड घातली. निघतांना आत्यानें मोठा डबा गच्च भरून त्यांच्या हातीं दिला आणि बजावलें, "करणाऱ्या हातानें पहिला डबा आपल्या घरीं न्यायचा असतो, नाहींतर पुढच्या वर्षीं भाजणी रुसते." अशी कांहीं रीत असल्याचें घरांत कोणीं कधीं ऐकलें नव्हतें. पण आजीपासून काकूंपर्यंत सर्वांनीं गंभीरपणें माना डोलावल्या. पाडव्याला तो डबा परत आला. तळाशीं पसाभर साखर होती. कारण शेजाऱ्याचें भांडें रिकामें परत करूं नये, हीहि एक रीतच. "एवढीशीच!" असें एक चुलतभाऊ पुटपुटला. आत्यानें त्याच्याकडे असें पाहिलें, कीं तो गप्पच झाला. ती साखर तिनें देवापुढें ठेवली.

कोणी म्हणतील, ह्या रीतींनीं पोट भरत नाहीं. माणसाला पोस्तीऐवजीं पुरता पगार द्या. त्यांचें म्हणणें मला मान्य आहे. कारखान्यांतील कामगारांच्या बोनसासाठीं १९६५ सालीं कायदा झाला. घरोघर भांडीं घासणाऱ्या बाईला मात्र रीतीवांचून दुसरा आधार नाहीं. अकरा महिने पगारांत काटकसर करून बाराव्या महिन्यांत पोस्तीचा डांगोरा पिटणारा मनुष्य रीत पाळीत नसतो, रीतीमागें लपत असतो. पण पगार पुरता झाला म्हणून पोस्त निरुपयोगी ठरत नाहीं. पगार कामाचा असतो. पोस्त ही आपल्या घरच्या सणांत त्या माणसाचाहि वांटा आहे याची कबुली असते.

हल्लीं फराळ विकत मिळतो, आणि त्यामुळें चुलीपुढें घामाघूम होणाऱ्या सुनांची सुटका झाली, हें चांगलेंच झालें. पोस्तहि पुष्कळ ठिकाणीं मोबाईलवरून परस्पर पोंचते. पैसे त्यानें कमी होत नाहींत. पण ते देतांना दारांत घडणारें चार शब्दांचें बोलणें, मुलांची चौकशी, तेवढें मात्र हरवतें. तें हरवूं न देणें कांहीं अवघड नाहीं. जुनी रीत पुरेनाशी झाली, तर माझ्या आत्याप्रमाणें उभ्या उभ्या नवी काढावी. फक्त घेणाऱ्याला ती खरी वाटली पाहिजे, आणि देणाऱ्यानें ती पुन्हां कोणाजवळ बोलून दाखवूं नये.